चित्रकथी (पिंगुळीची)

चित्रकथी : चित्रांची पोथी श्रोत्यांसमोर धरून आख्यान गाऊन सांगण्याची सिंधुदुर्ग जिल्ह्यातील ठाकर आदिवासींची कला. तिचे केंद्र कुडाळ तालुक्यातील पिंगुळी गावची गुढीपूर ही वाडी. कला आणि ती सादर करणारा कलावंत, दोघांनाही चित्रकथी म्हणतात. याच नावाचा भटका समाज महाराष्ट्रात इतरत्रही आहे. त्याचा आणि पिंगुळीच्या ठाकरांचा संबंध अभ्यासकांनी वेगवेगळ्या प्रकारे मांडला आहे.

संग्रहालयांच्या सूचींमुळे चित्रकथी ही प्रामुख्याने एक चित्रशैली मानली गेली. प्रस्तुत नोंदीत ती संगीतनाट्य म्हणून घेतली आहे. पोथीतल्या चित्रावर मजकूर नसतो, असलाच तर क्वचित एखाद्या पात्राचे नाव. एका चित्रात सैन्य निघालेले असते आणि पुढच्यात युद्ध संपलेले. मधले आव्हान, संवाद, विलाप हे सारे घरातल्या जाणत्याच्या कंठात असते. नाटकाची संहिता ती. चित्र हा तिचा देखावा.

पूर्वपीठिका : चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख येतो. तेथून पिंगुळीपर्यंत सलग धागा जोडण्याचा मोह अनेकांना झाला आहे. मधल्या शतकांचा पुरावा त्यासाठी पुरेसा नाही. सावंतवाडी संस्थानाचा आश्रय ठाकर कलावंतांना होता आणि कोणत्या देवळात कोणत्या घराण्याने कथा करायची हे ठरलेले असे. कथेच्या निमित्ताने गावोगाव फिरणारे हे लोक हेरगिरीही करीत, असे समाजात सांगितले जाते.

पोथी : एका आख्यानाच्या चित्रांचा संच म्हणजे पोथी. सुट्या कागदांवर काढलेली चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, त्यामुळे पान उलटले की कथा पुढे सरकते. आडव्या कागदावर पात्रे बहुधा समोरासमोर उभी, डोळे मोठे, रंग सपाट. मागे निसर्गदृश्य जवळजवळ नाहीच. देवळातल्या दिव्याच्या उजेडात, काही हातांवर बसलेल्या श्रोत्याला पात्र ओळखू यावे यासाठी ही मांडणी सोयीची आहे. जुनी चित्रे साधारणपणे अठराव्या शतकाची अखेर ते एकोणिसावे शतक या काळातील मानतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशा चित्रांचा संग्रह आहे. संग्राहकांनी त्यांना ‘पैठण शैली’ हे नाव दिले आणि ते बराच काळ टिकले. पैठणशी या चित्रांचे नाते किती हा वाद मिटलेला नाही. पिंगुळीच्या पोथ्यांशी साम्य मात्र उघड आहे. अभ्यासक व्हालेंटिना श्टाखे-रोझेन यांचा पिंगुळीच्या चित्रांवरील आणि कथनावरील विस्तृत लेख १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रपट दिग्दर्शक मणी कौल यांचा ‘चित्रकथी’ हा माहितीपट १९७७ चा.

पोथी देवासारखी पुजली जाते. जीर्ण झालेली चित्रे विकायची नाहीत, पाण्यात सोडायची, असा दंडक जुनी माणसे सांगतात. नव्या पोथ्या जुन्यांवरून उतरवल्या जात. पूर्वी खनिज व वनस्पतिजन्य रंग वापरीत. आता तयार रंगही वापरतात.

सादरीकरण : आरंभी गणपती आणि सरस्वतीचे चित्र दाखवून नमन होते. मुख्य कथेकरी गातो आणि चित्रे बदलतो. साथीला वीणा, हुडूक आणि टाळ. पद्य गायचे, मग तोच प्रसंग बोलीत उलगडायचा, पुन्हा गाणे, अशी वीण असते. साथीदार पालुपद उचलतात आणि मुले याच साथीत बसून शिकतात. हे शिक्षण लेखी नाही. दोन चित्रांमधल्या जागेत किती रेंगाळायचे, कोणत्या शोकाला आवाज खाली आणायचा, हुडूक कुठे थांबवायचा, हे वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसल्याशिवाय येत नाही. म्हणून एकच पोथी दोन घराण्यांत दोन वेगळी नाटके होऊ शकते. पोथ्या जपल्या आणि गाणारे गेले, तर उरते ते निम्म्याहून कमी.

आख्याने : रामायण आणि महाभारतातील कथांवर भर, पण निवड लक्षणीय आहे. अहिरावण-महिरावण या कथेत पाताळात पळवून नेलेल्या राम-लक्ष्मणांना हनुमान सोडवतो; वाल्मीकि रामायणात ती नाही. बभ्रुवाहनाच्या आख्यानात पुत्राच्या बाणाने अर्जुन पडतो आणि पुन्हा जिवंत होतो. कवी श्रीधरांचे रामविजय (१७०३) आणि पांडवप्रताप (१७१२) घरोघर वाचले जाणाऱ्या या मुलुखात कथेचा शेवट श्रोत्याला आधीच ठाऊक असे. तो येई ते गाण्यासाठी, आणि आपल्या गावच्या कथेकऱ्याने तो शोक कसा उभा केला हे ऐकण्यासाठी.

बाहुल्या : हीच आख्याने ठाकर कलावंत कळसूत्री लाकडी बाहुल्यांतून आणि चामड्याच्या छायाबाहुल्यांतूनही सादर करतात. छायाबाहुल्या पूर्वी हरणाच्या कातड्याच्या असत, पुढे शेळीच्या कातड्याच्या होऊ लागल्या. पडद्यामागे दिवा, पुढे प्रेक्षक, आणि गाणे तेच. चित्र, बाहुली आणि सावली या तीन माध्यमांना एकच गायनपरंपरा पुरते, ही गोष्ट आजवर पुरेशी अधोरेखित झालेली नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ रंगवले आणि लाकडी बाहुल्याही घडवल्या, हे मराठी रंगभूमीच्या इतिहासात नोंदलेले आहे. पिंगुळीच्या बाहुल्यांना त्या इतिहासात सहसा ओळही मिळत नाही.

तुलना : राजस्थानातील पाबूजींचा फड, बंगालमधील पटुआ आणि जावातील वायांग बेबेर यांतही चित्र दाखवून कथा गातात. तेथे बहुधा मोठा पट किंवा गुंडाळी असते, पिंगुळीत सुटी पाने. शेजारच्या दशावतारी नाटकात आख्याने जवळची, पण तेथे सोंग घेतलेला नट स्वतः बोलतो. चित्रकथीत एकच कंठ सर्व पात्रांचा असतो.

सद्यःस्थिती : अनुसूचित जमातींच्या यादीतील ठाकर जमातीवरची क्षेत्रमर्यादा १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने उठली, जातप्रमाणपत्रांच्या पडताळणीचे प्रश्न त्यानंतरही राहिले. पिंगुळीचे कलावंत परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचे संग्रहालय केले आणि २००६ मध्ये ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ उभे राहिले. तेथे पोथ्या, बाहुल्या आणि वाद्ये पाहायला मिळतात, प्रयोग होतात आणि शिकवलेही जाते. गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पिंगुळीच्या मसगे कुटुंबानेही पोथ्या आणि बाहुल्या सांभाळल्या आहेत. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा घोषित झाल्यानंतर मालवणच्या किनाऱ्यावर येणारे प्रवासी पिंगुळीकडेही वळू लागले. त्यांच्यासाठी आख्यानातला एखादाच प्रसंग होतो. कलावंताला त्यातून मिळकत होते, हे महत्त्वाचे; मात्र रात्रभराच्या आख्यानातले लांबचे विलाप आणि वर्णने अशा प्रयोगात मावत नाहीत, आणि गायली न गेलेली पदे पुढच्या पिढीच्या कानावर पडत नाहीत. संपूर्ण आख्यानांचे, सर्व घराण्यांच्या पाठांसह, ध्वनिमुद्रण करणे हे चित्रांच्या जतनाइतकेच निकडीचे आहे.

अन्य कलाप्रकार : राधानाच, पांगुळ, गोंधळ आणि डोना गीते हेही ठाकर समाजाचे कलाप्रकार आहेत.

स्त्रियांचा सहभाग : ठाकर स्त्रिया फुगडी व लग्नगीते सादर करतात.