घर आपले, रेघ सरकारची : खानदेशातील गावठाणाची गोष्ट

१/ जळगावलगतचे असोदा हे बहिणाबाई चौधरींचे जन्मगाव. खानदेशातील अशा जुन्या गावांत धाब्याची घरे एकमेकांना खेटून उभी असतात आणि शेते बाहेर दूरवर पसरलेली असतात. या दाटीमागे जशी सोबतीची गरज आहे, तसाच कायद्याचा इतिहासही आहे.

२/ जुन्या व्यवहारात गावाचे दोन भाग मानले जात. ‘काळी’ कसण्याची, ‘पांढरी’ राहण्याची.

३/ १८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारकडे गेला. पुढे महसुली मोजणी आली. १८५२ मध्ये येथील शेतकऱ्यांनी तिला उघड विरोध केला, तरी मोजणी थांबली नाही. शेतांना सर्व्हे नंबर व आकार मिळाला. गावठाणातील घरे मात्र बहुतेक ठिकाणी स्वतंत्र नोंदीविना राहिली.

४/ १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने शेतकऱ्याला शेतात विहीर खणण्याची, शेतीसाठी इमारत बांधण्याची मुभा दिली. जमिनीचा बिगरशेती वापर करायचा, तर कलेक्टरची परवानगी हवी. ती न घेतल्यास दंड. मात्र तीन महिन्यांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे मानावे, अशीही तरतूद होती.

५/ १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने हीच चौकट कायम ठेवली. कुटुंबे वाढली, भाऊ वेगळे झाले, पण गावठाणाची हद्द त्या वेगाने वाढली नाही. स्वतःच्याच शेतात राहते घर बांधणारा धाकटा भाऊ ‘अनधिकृत’ ठरू लागला.

६/ हद्दीच्या आत राहणाऱ्याचा पेच वेगळा. १९५८ च्या कायद्यानुसार बांधकामाला ग्रामपंचायतीची परवानगी लागते. घरपट्टीच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना ८ मध्ये, नाव असते. परंतु ती नोंद कर आकारणीची, मालकीचा पुरावा नव्हे. म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांच्या घरावरही कर्ज मिळणे अवघड.

७/ आता गावठाणापासून २०० मीटरच्या आतील जमिनीसाठी संहितेत निवासी वापराची सवलत आहे. कर व नियोजनाचे नियम मात्र पाळावे लागतात. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत.

८/ शेताची नोंद आधी झाली, कारण सरकारला सारा हवा होता. घराची नोंद दीडशे वर्षांहून अधिक काळ मागे राहिली. बांधकामाच्या आजच्या अनेक तंट्यांचे मूळ या विलंबात आहे.