कोपऱ्यापलीकडचे पाहणारा कॅमेरा

घाटातील अवघड वळणावर ‘हॉर्न वाजवा’ अशी पाटी असते; गावातील अरुंद तिठ्यावर खांबाला बहिर्वक्र आरसा लावलेला असतो. या दोन्ही उपायांचे मूळ एकच आहे. प्रकाश सरळ रेषेत प्रवास करतो, त्यामुळे भिंतीआड किंवा डोंगराआड काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. गेल्या दीड दशकात प्रकाशशास्त्र, संगणकशास्त्र आणि अभियांत्रिकी यांच्या संयोगातून ही मर्यादा ओलांडू पाहणारी एक संशोधनशाखा आकारास आली आहे. आरसा न लावता, साध्या भिंतीवर पडलेल्या क्षीण प्रकाशावरून आडोशापलीकडील वस्तूची प्रतिमा तयार करणे हे तिचे कार्य. मराठीत तिला ‘दृष्टिरेषेबाहेरील प्रतिमांकन’ म्हणता येईल.

भिंत आरसा का नसते?

आरशाचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने त्यावर नियमित परावर्तन होते. ज्या कोनातून किरण येतो त्याच कोनातून तो परत जातो आणि प्रतिमा अबाधित राहते. भिंत डोळ्यांना कितीही सपाट वाटली तरी प्रकाशलहरींच्या मानाने ती खडबडीत असते. तिच्यावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. या अनियमित परावर्तनात किरण कोठून आला ही दिशेची माहिती विस्कटून जाते. मात्र एक गोष्ट शिल्लक राहते, ती म्हणजे किरणाला लागलेला वेळ. या शाखेतील बहुतेक संशोधन या एका धाग्याला धरून पुढे गेले आहे.

वेळेवरून अंतर, अंतरावरून आकार

प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर अंतर कापतो. म्हणजे एका नॅनोसेकंदात, सेकंदाच्या १०० कोटीव्या भागात, तो सुमारे ३० सेंटिमीटर जातो. पिकोसेकंदात, अर्थात त्याच्याही हजाराव्या भागात, केवळ ०.३ मिलिमीटर. इतका सूक्ष्म काळ मोजता आला, तर प्रकाशाने कापलेले अंतर मिलिमीटरच्या हिशेबात सांगता येते.

प्रयोगाची रचना अशी असते. लेझरचा अतिशय अल्पकाळ टिकणारा स्पंद समोरच्या भिंतीवरील एका बिंदूवर सोडला जातो. तेथून विखुरलेल्या प्रकाशाचा काही अंश आडोशामागील वस्तूवर पोहोचतो, तिच्यावर आपटून पुन्हा भिंतीवर येतो आणि तेथून कॅमेऱ्यात शिरतो. या तीन टप्प्यांना लागलेल्या वेळेवरून एकूण अंतर कळते, पण वस्तूची नेमकी जागा कळत नाही. दोन खिळे ठोकून, त्यांना सैल दोरा बांधून आणि तो पेन्सिलीने ताणून लंबवर्तुळ काढण्याची रीत अनेकांनी शाळेत केली असेल. येथे भिंतीवरील दोन बिंदू हे खिळे, मोजलेले अंतर हा दोरा, आणि वस्तू त्या लंबवर्तुळावर कोठेही असू शकते. भिंतीवरील अनेक बिंदूंसाठी हेच मोजमाप केले की अनेक लंबवर्तुळे मिळतात, आणि ती जेथे एकमेकांना छेदतात तेथे वस्तू असते. प्रत्यक्षात हे गणित त्रिमितीत आणि हजारो मोजमापांसाठी करावे लागते, म्हणून येथे भिंगाइतकेच महत्त्व संगणकाला आहे.

नाशिकच्या संशोधकाचा पुढाकार

या कल्पनेला प्रायोगिक रूप देण्यात रमेश रासकर यांचा मोठा वाटा आहे. नाशिकला जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रासकर पुढे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबमध्ये संशोधन करू लागले. २००९ मध्ये त्यांच्या गटाने ही कल्पना शोधनिबंधातून मांडली. २०१२ मध्ये अँड्रियास व्हेल्टेन, रासकर आणि सहकाऱ्यांनी आडोशामागे ठेवलेल्या मानवाकृती बाहुलीचा त्रिमितीय आकार परावर्तित प्रकाशावरून उभा करून दाखवला. हा निबंध ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांच्या कॅमेऱ्याचे कालमापन सुमारे २ पिकोसेकंदांइतके सूक्ष्म होते.

याच उपकरणाने टिपलेली, बाटलीतून पुढे सरकणाऱ्या प्रकाशाची चित्रफीत जगभर गाजली. ती एकाच स्पंदाची नाही. असंख्य एकसारख्या स्पंदांची मोजमापे एकत्र जुळवून ती तयार केलेली आहे. २०१६ मध्ये रासकर यांना ५ लाख डॉलरचा लेमेल्सन-एमआयटी पुरस्कार मिळाला.

लंबवर्तुळाचे वर्तुळ

पहिल्या प्रयोगांतील उपकरणे महागडी होती आणि गणितही फार मोठे होते. २०१८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील मॅथ्यू ओ’टूल, डेव्हिड लिंडेल आणि गॉर्डन वेट्झस्टीन यांनी त्यावर साधा वाटणारा तोडगा काढला. लेझर आणि संवेदक दोन्ही भिंतीवरील एकाच बिंदूकडे रोखायचे. दोन खिळे एकाच जागी आले की लंबवर्तुळाचे वर्तुळ होते आणि गणित कितीतरी सुटसुटीत होते. मोजमापाला काही मिनिटांपासून तासापर्यंत वेळ लागला, तरी त्यानंतरची प्रतिमा साध्या लॅपटॉपवर अल्पावधीत मिळू लागली. एकेका प्रकाशकणाची चाहूल घेणारा आणि त्याच्या आगमनाची वेळ नोंदवणारा अर्धवाहक संवेदक त्यांनी वापरला. या जातीचे संवेदक आता काही मोबाइल फोनच्या अंतरमापक यंत्रणेतही असतात.

२०१९ मध्ये बोस्टन विद्यापीठातील विवेक गोयल यांच्या गटाने वेगळीच वाट चोखाळली. त्यांनी लेझर वापरला नाही, वेळही मोजली नाही. साधा डिजिटल कॅमेरा पुरला. आडोशामागील पडद्यावरील चित्र आणि भिंत यांच्यामध्ये एखादी अपारदर्शक वस्तू असेल, तर भिंतीवर तिची अस्पष्ट उपच्छाया पडते. ग्रहणाच्या वेळी ऐकू येणारा हाच शब्द. डोळ्यांना न जाणवणाऱ्या या छायेतील सूक्ष्म फरकांवरून संगणकाने पडद्यावरील रंगीत चित्र पुन्हा उभे केले. २०२१ मध्ये चीनच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातील संशोधकांनी १.४३ किलोमीटर अंतरावरून आडोशामागील वस्तूंची प्रतिमा मिळवली. त्याच वर्षी व्हेल्टेन यांच्या विस्कॉन्सिन विद्यापीठातील गटाने हलत्या दृश्याच्या सेकंदाला ५ प्रतिमा मिळवण्याचा टप्पा गाठला.

रस्त्यावर येण्यातील अडचणी

वळणापलीकडून येणारे मूल किंवा सायकलस्वार वाहनाला आधीच कळावा, धुराने भरलेल्या इमारतीत आत न शिरता अडकलेल्यांचा शोध घेता यावा, हे या संशोधनामागील उद्देश. प्रयोगशाळेबाहेर मात्र निसर्गनियम आडवे येतात. प्रत्येक अनियमित परावर्तनात प्रकाश पसरून क्षीण होतो. भिंत आणि लपलेली लहान वस्तू यांतील अंतर दुप्पट झाले, तर परत येणारा प्रकाश सोळापट कमी होतो. भर उन्हात हे मोजके प्रकाशकण वेगळे काढणे कठीण, आणि डोळ्यांना इजा होण्याचा धोका असल्याने लेझरची शक्ती हवी तेवढी वाढवता येत नाही. उलट, दिशाफलकांवरील चकाकणारा लेप प्रकाश आल्या वाटेने परत धाडतो, म्हणून असे पृष्ठभाग सहज ओळखता येतात.

वाहनांसाठी रडारचा पर्याय अधिक जवळचा दिसतो. रडारच्या लहरी काही मिलिमीटर लांबीच्या असतात. भिंतीचा खडबडीतपणा त्यांच्या तुलनेत नगण्य ठरतो, आणि प्रकाशाला विखुरणारी तीच भिंत रडारला बरीचशी आरशासारखी वागते. २०२० मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या फेलिक्स हाइडे यांच्यासह संशोधकांनी या मार्गाने कोपऱ्यापलीकडील चालती वाहने, सायकलस्वार आणि पादचारी ओळखून दाखवले. रडारवर चेहरा दिसत नाही. हालचाल मात्र कळते, आणि अपघात टाळण्यास तेवढे पुरेसे असते.

आडोसा आणि खासगीपणा

या तंत्राची दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागेल. भिंतीआड गेले की कोणी पाहत नाही, ही माणसाची जुनी समजूत आहे. उघड्या खिडकीतून दिसणारी आतली भिंत खोलीतील हालचाल बाहेर सांगू लागली, तर आडोशाचा अर्थच बदलेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला आहे. या तंत्राला आज मोठी साधने आणि नियंत्रित परिस्थिती लागते. पण कॅमेरे आणि संवेदक लहान व स्वस्त होत जातात, हा गेल्या काही दशकांचा अनुभव आहे. अपघात टाळण्यासाठी किती पाहू द्यायचे आणि घराच्या भिंतीशी कोठे थांबायचे, हे साधने प्रयोगशाळेत आहेत तोवरच ठरवणे सोपे जाईल.