रक्तद्रवाचे पृथक्करण आणि गाळण पटलाची कोंडी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
वैद्यकीय तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा यशस्वी यंत्रांच्या क्रमाने सांगितला जातो. त्या यंत्रांपुढे उभ्या राहिलेल्या अडथळ्यांचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. रक्तातून रक्तद्रव म्हणजेच प्लाझ्मा गाळताना पटलाची सूक्ष्म छिद्रे रक्तपेशींनी बुजणे, हा असाच एक अडथळा होय. या अडथळ्यानेच गाळणयंत्राची रचना कशी घडविली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :
अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन जेकब एबल, राउंट्री व टर्नर यांनी १९१४ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग केले. काढलेल्या रक्तातील रक्तद्रव वेगळा करून पेशी प्राण्याच्या शरीरात परत सोडता येतात, हे त्यांनी दाखविले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हार्वर्डमधील एडविन कोन यांनी रक्तद्रवातून अल्ब्युमिनसारखी प्रथिने वेगळी करण्याची पद्धत विकसित केली आणि रक्तद्रवाचे महत्त्व वाढले. तथापि पिशवीतील रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी दात्याला परत देण्यास वेळ लागे. शिवाय एकाच्या पेशी चुकून दुसऱ्यास दिल्या जाण्याचा धोका असे. दाता यंत्राला जोडलेला असतानाच रक्तद्रव गाळता आल्यास हा धोका टळणार होता.

अडथळ्याचे स्वरूप :
तांबड्या पेशीचा व्यास सुमारे ८ मायक्रोमीटर, तर बिंबाणूचा २ ते ३ मायक्रोमीटर असतो. छिद्रे १ मायक्रोमीटरहून लहान ठेवल्यास पेशी अडतात. परंतु रक्ताच्या आकारमानाचा सुमारे ४५ टक्के भाग पेशींचाच असल्याने, रक्त पटलावर सरळ ढकलताच पेशींचा थर साचतो आणि तो थरच रक्तद्रवाची वाट अडवितो. दाब वाढवावा, तर लवचीक तांबड्या पेशी छिद्रांत ओढल्या जाऊन फुटतात व हिमोग्लोबिन रक्तद्रवात मिसळते. अशा वेळी रक्तद्रव दूषित होतो आणि दात्याच्या पेशीही वाया जातात.

प्रवाहाची नवी दिशा :
सॉलोमन, कोल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात रक्त पटलाला समांतर वाहते ठेवून रक्तद्रव सतत गाळण्याचा मार्ग अभ्यासला. पुढे झिडनी व कोल्टन यांनी १९८० च्या दशकात त्याची उपपत्ती मांडली. पटलालगतच्या थरांचा वेग भिन्न असल्याने पेशी एकमेकींवर आदळतात व पटलापासून दूर सरकतात. रक्तद्रवाबरोबर पटलाकडे येणाऱ्या आणि अशा रीतीने दूर जाणाऱ्या पेशींच्या समतोलावर रक्तद्रवाचे प्रमाण ठरते. एका मर्यादेपुढे दाब वाढवून ते वाढत नाही.

मात्र दात्याच्या शिरेतून मिळणारा ओघ मर्यादितच असतो. म्हणून त्याच दशकात फिरत्या दंडगोलावर पटल बसविण्याची युक्ती प्रचारात आली. पटलालगतचा वेग आता रक्ताच्या ओघाऐवजी दंडगोलाच्या फिरण्यातून मिळू लागला. अशा फिरत्या दंडगोलाभोवती उठणाऱ्या भोवऱ्यांचे विवेचन जी. आय. टेलर यांनी १९२३ मध्येच केले होते. त्या वेळी रक्ताचा विचारही त्यामागे नव्हता.

निष्कर्ष :
पेशींची ही कोंडी समूळ नाहीशी झाली नाही. वेग फार वाढविल्यास पेशींना इजा होते, म्हणून तिला काबूत ठेवण्याची मर्यादा तेवढी निश्चित झाली. ती निश्चित करण्यास शरीरक्रियाशास्त्र, रासायनिक अभियांत्रिकी व द्रवगतिशास्त्र या तिन्ही शाखा लागल्या. विज्ञानाचा इतिहास शिकविताना शोधकर्त्यांच्या नावांबरोबर त्यांच्यापुढील अडथळाही अभ्यासक्रमात यावा, असे या उदाहरणावरून वाटते. कारण भिन्न विद्याशाखा एकत्र का आल्या, याचे उत्तर त्या अडथळ्यात सापडते.