कॉफी रोस्टरी, स्वतंत्र

कॉफीच्या कच्च्या बिया विकत घेऊन, त्या थोड्या थोड्या भाजून विकणारे आणि कुठल्या बड्या कंपनीच्या मालकीचे नसलेले भाजणीघर. मराठीत वेगळा शब्द रुळलेला नाही. ‘भाजणी’ म्हटले की थालीपीठच आठवते, त्यामुळे ‘रोस्टरी’ हाच शब्द चालतो. भडभुंजा फुटाण्यांचे जे करतो तेच इथे कॉफीचे होते, एवढे सांगितले तरी यवतमाळच्या बाजारात वाढलेल्या माणसाला अर्धे कळते. उरलेले अर्धे व्यवहाराचे असते: बी कुणाकडून घेतली, काय भावाने घेतली आणि ती पिकवताना मळ्यातली सावलीची झाडे राहिली की तुटली. हा हिशेब गिऱ्हाइकापुढे मांडणाऱ्या रोस्टरीला मूल्याधिष्ठित म्हणतात.

यवतमाळ जिल्ह्यात कॉफी पिकत नाही. अरेबिका जातीला साधारण 15 ते 25 अंशांची हवा मानवते. इथे उन्हाळ्यात पारा 42 च्या पुढे जातो. विदर्भात कॉफी आहे ती अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या चिखलदऱ्याला. सुमारे 1,100 मीटर उंचीच्या या ठिकाणी इंग्रजांच्या काळापासून कॉफीची झाडे आहेत, आणि महाराष्ट्राची कॉफी म्हणून हेच एक नाव घेतले जाते. 2019 साली देशातल्या पाच कॉफींना भौगोलिक मानांकन मिळाले: कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी, वायनाड आणि अराकू. चिखलदरा त्यांत नाही.

मळा नाही म्हणून रोस्टरी नाही, असे मात्र नसते. कच्च्या बीत 10 ते 12 टक्के ओलावा असतो आणि नीट साठवली तर ती कित्येक महिने टिकते. भाजलेल्या बीचा दरवळ मात्र काही आठवड्यांत उतरतो. म्हणून भट्टी मळ्याजवळ न लागता पिणाऱ्याच्या शहरात लागते, आणि भाव चढतो तोही तिथेच. कापूस पिकवणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही 113 किलोमीटरची अरुंद रुळांची ‘शकुंतला’ रेल्वे कापूस बाहेर नेण्यासाठीच टाकली होती. रुई गेली, कापड परत आले, आणि मधला नफा वाटेत राहिला.

भाजणीचा एक घाणा पाहण्यासारखा असतो. तापलेल्या फिरत्या पिंपात करड्या-हिरव्या बिया पडतात. आधी ओल्या गवताचा वास येतो, मग वाळल्या कडब्याचा, मग भाजल्या पावाचा. बी पिवळी पडते आणि तिचे पातळ साल सुटून उडू लागते. साधारण 196 अंशांवर लाह्या फुटल्यासारखी तडतड सुरू होते. तिला ‘फर्स्ट क्रॅक’ म्हणतात. इथून पुढे भाजणाऱ्याची कसोटी असते. तो पिंपाच्या तोंडातली छोटी नळी ओढून चार बिया हुंगतो, रंग पाहतो, पुन्हा आत सारतो. अर्धा मिनिट उशीर झाला तर आंबटगोड चव जाऊन नुसता कडवटपणा उरतो. सगळे आठ ते पंधरा मिनिटांत आटोपते. दहा किलो बी घातली तर हाती साडेआठ किलोच्या आसपास येते, उरलेले वाफ होऊन आणि साल होऊन जाते. ताज्या भाजलेल्या बीतून कार्बन डायऑक्साइड सुटत राहतो, म्हणून पाकिटाला एकेरी झडपेचे बारीक भोक असते. पर्यावरणाचे नाव घेणाऱ्या बऱ्याच रोस्टऱ्यांची अडचण नेमकी या पाकिटात आहे. प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि त्यांचा पुनर्वापर जवळजवळ होत नाही.

भारतात अशा रोस्टऱ्या उशिरा आल्या, याला कारण कायदा. 1942 च्या कॉफी कायद्यानुसार मळेवाल्याने माल कॉफी बोर्डाकडे जमा करायचा आणि बोर्डाने तो लिलावात विकायचा. अमुक मळ्याची बी अमुक दुकानात, अशी ओळखच त्यात पुसली जाई. 1992 पासून ही पकड सैल होत गेली आणि 1996 मध्ये विक्री पूर्ण मोकळी झाली. मळ्याचे नाव आणि भाजल्याची तारीख पाकिटावर छापण्याची रीत त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, 2013 मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या ब्लू टोकाईसारख्या रोस्टऱ्यांनी रुजवली. मुंबईत 2020 मध्ये वांद्र्याला ‘सबको’ ही रोस्टरी उभी राहिली. माटुंग्याच्या दुकानांत मात्र कॉफी त्याच्या कितीतरी आधीपासून भाजून, दळून मिळते, आणि तिथले जुने गिऱ्हाईक चिकोरी किती हे तोंडीच विचारते. कायद्याने मिश्रणात निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान 51 टक्के, कॉफी असावी लागते.

न्याय्य व्यापाराचा, म्हणजे फेअरट्रेडचा, पहिला शिक्काही कॉफीवरच उमटला. 1988 साली नेदरलँड्समध्ये ‘सॉलिडारिदाद’ संस्थेच्या पुढाकाराने मेक्सिकोतल्या छोट्या उत्पादकांची कॉफी ‘मॅक्स हावेलार’ या नावाने दुकानात आली. ते नाव जावातल्या कॉफीच्या सक्तीवर लिहिलेल्या 1860 च्या डच कादंबरीचे. याच सॉलिडारिदादच्या पाठबळाने 2004 मध्ये ‘चेतना ऑरगॅनिक’चे काम सुरू झाले, आणि त्यात विदर्भातले कोरडवाहू कापूस उत्पादक होते. कॉफीचा शिक्का विदर्भात पोहोचला तो असा, कापसाच्या वाटेने. शिक्क्याचा उपयोग भाव पडतो तेव्हा. धुतलेल्या अरेबिकाचा फेअरट्रेड किमान भाव 2023 मध्ये पौंडाला 1.80 डॉलर ठरला. 2025 च्या सुरुवातीला बाजारभावच चार डॉलरवर गेला, तेव्हा या किमान भावाला अर्थ उरला नव्हता. कापसाचा हमीभाव पाहिलेल्या शेतकऱ्याला हेही नवे नाही.

मूल्यांची गोष्ट मळ्यापाशीच संपते असे समजणे एकांगी आहे. कप भरणाऱ्या हाताचे काय? कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसे बंद करायला घेतली तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनीच सहकारी संस्था काढल्या. पहिली 1957 मध्ये बंगळुरात, आणि 1958 अखेर नागपूर, पुणे, मुंबईपर्यंत हा विस्तार झाला. तुरेवाल्या पगडीतला वेटर तिथे भागधारक असतो. आजच्या देखण्या रोस्टऱ्यांपैकी किती जणी हे करतील, हा प्रश्न त्यांना आवडत नाही.

यवतमाळात पेय म्हणजे चहाच, टपरीवरचा कट. कॉफी असते ती लग्नघरातली, दुधाची, जायफळ घातलेली. तरी भाजणीघराच्या अर्थकारणाचा एक धागा जिल्ह्याच्या वेशीपर्यंत आला आहे. आंध्रातल्या अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेबरोबर नांदी फाउंडेशनने कॉफी उभी केली. 2017 मध्ये पॅरिसला तिचे दुकान निघाले. सेंद्रिय खत, शेतकऱ्याला आधी ठरलेला भाव आणि थेट ग्राहक या त्या आराखड्याला ‘अराकूनॉमिक्स’ म्हणतात. 2020 मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या पारितोषिकासाठी तो निवडला गेला तेव्हा त्यात अराकू आणि दिल्लीबरोबर तिसरे नाव वर्ध्याचे होते. तिथे पीक कॉफीचे नाही. वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो.