देसाईगंजची रपट : पळून जाणं, पंच आणि कायदा

आपल्या मंडळात आजवर लांजीचा किल्ला झाला, हट्ट्याची बावडी झाली, छोट्या लाईनवरही वाचन झालं. या वेळी मी दगडविटांचा नाही, कागदाचा इतिहास मांडणार आहे. विषय नाजूक आहे: प्रेम, लग्न, बाईचं शरीर आणि कायदा. आपल्याकडे या गोष्टी घरात बोलत नाहीत, पण ठाण्यात आणि कचेरीत त्यांच्या फायली पिढ्यान्‌पिढ्या साठत आल्या आहेत.

त्यातली एक फाईल देशभर गाजली. ती आपल्या शेजारची आहे. बालाघाटहून गोंदियाला जा आणि तिथून चांदाफोर्टची गाडी धरा, की वाटेत वडसा स्टेशन लागतं. स्टेशनाचं नाव वडसा, गावाचं देसाईगंज. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. १९८२ मध्ये तो जिल्हा होईपर्यंत चंद्रपुरात होतं. झाडीपट्टीच्या नाटकांमुळे आपल्यापैकी कित्येकांना वडसा ठाऊक आहे. मथुरा प्रकरण तिथलं.

मथुरा प्रकरण म्हटलं की पोलीस ठाण्यातला बलात्कार, प्राध्यापकांचं खुलं पत्र आणि १९८३ ची कायदादुरुस्ती, एवढं आठवतं. ते बरोबरच आहे. पण ती पोरगी त्या रात्री ठाण्यात होती कशासाठी, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तिने चोरी केली नव्हती, मारामारी केली नव्हती. तिला एका तरुणाशी लग्न करायचं होतं, म्हणून ती ठाण्यात होती. हा लेख त्या प्रश्नाचा आहे.

पंचांचा कायदा

थोडं मागे जाऊ. बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनीचे तुकडे जोडून तयार झाला. १९५६ पर्यंत आपण आणि चंद्रपूर एकाच प्रांतात होतो, आणि १९३६ पासून उच्च न्यायालयही एकच होतं, नागपूरचं. १ नोव्हेंबर १९५६ ला आपलं न्यायालय जबलपूरला गेलं, त्यांचं मुंबईच्या अखत्यारीत, नागपूर खंडपीठाकडे. हद्द पडली, पण दोन्हीकडची माणसं आणि चालीरीती सारख्याच राहिल्या.

या मुलखात लग्नाचा खरा कायदा जातपंचायतीत होता. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड काढले. व्हेरियर एल्विनने मंडला आणि आपल्या बैहर भागातल्या बैगांवर १९३९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. ही पुस्तकं चाळली की एक गोष्ट ठळक दिसते: आपल्याकडे लग्नाचे अनेक रस्ते होते. पोरगा सासऱ्याच्या घरी काही वर्षं राबून बायको मिळवायचा, तो लमसेना. पोरगी स्वतःहून पोराच्या घरात जाऊन बसायची, ते पैठू. विधवेचा किंवा सोडलेल्या बाईचा पाट लागायचा. जमलं नाही तर काडीमोड. कुणी पळून गेलं तर पंच बसायचे, दंड ठरायचा, जातीला जेवण द्यावं लागायचं आणि प्रकरण मिटायचं.

हे ऐकून काही मंडळी लगेच म्हणतात, पाहा, आपली आदिवासी बाई किती स्वतंत्र होती! जरा सबुरीने घ्या. पंच सगळे पुरुष. दंडाचा आणि देज्याचा पैसा बापाच्या नाहीतर आधीच्या नवऱ्याच्या हातात जायचा. विधवेवर धाकट्या दिराचा पहिला हक्क मानला जाई. म्हणजे बाईची किंमत ठरायची आणि ती दुसऱ्या कुणाला मिळायची. तरीपण एक फरक होता, आणि तो मोठा होता. ‘ती आपल्या पायाने गेली’ ही गोष्ट पंचांसमोर मोजली जायची. त्या जाण्याला स्वतःचं नाव होतं. इंग्रजांच्या पीनल कोडात त्याला नाव नव्हतं.

तीन आकडे

पीनल कोड १८६० चा. अल्पवयीन मुलीला पालकाच्या ताब्यातून नेणं हे त्यात अपहरण. गुन्हा घडतो तो पालकाच्या हक्काविरुद्ध. मुलीची मर्जी असली तरी तो गुन्हाच.

शरीरसंबंधाच्या संमतीचं वय वेगळं. ते १८६० मध्ये १० होतं. फुलमणी नावाच्या बंगाली बालवधूच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये १२ झालं. त्या वेळी टिळक विरोधात आणि आगरकर बाजूने होते, हे आपण शाळेत शिकलो. पुढच्या टप्प्यात मात्र आपल्याच प्रांतातली माणसं पुढे होती. सागरचे हरिसिंग गौर यांनी केंद्रीय विधिमंडळात हा प्रश्न लावून धरला, आणि १९२५ मध्ये वय १४ झालं, लग्नाच्या आत १३. आंतरजातीय नोंदणी विवाहाला धर्म न सोडता वाट देणारी १९२३ ची दुरुस्तीही गौरांचीच. १९२८ मध्ये या विषयावर समिती बसली, तिचे अध्यक्ष अमरावतीचे सर मोरोपंत जोशी. पाठोपाठ १९२९ चा शारदा कायदा आला.

या सगळ्या वादात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. सुधारक असोत की सनातनी, भांडण वयाच्या आकड्यावर होतं. वयात आल्यावर त्या मुलीचा शब्द कुठे ऐकला जाईल, यावर बोलणारे थोडे. मुंबईच्या रखमाबाईने तो प्रश्न १८८४ पासून कोर्टात उभा केला होता. अकराव्या वर्षी लागलेलं लग्न आपल्याला मान्य नाही, असं तिचं म्हणणं. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती तुरुंगाला तयार झाली. शेवटी १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली आणि ती डॉक्टर व्हायला विलायतेला गेली. रखमाबाईजवळ शिक्षण होतं, पाठीशी सावत्र वडील होते, वर्तमानपत्रात पत्र लिहिता येत होतं.

१९४९ मध्ये आकडे पुन्हा बदलले, आणि त्यांतून १९७२ ची परिस्थिती तयार झाली. पालकाच्या संमतीने मुलीचं लग्न १५ व्या वर्षी कायदेशीर. संमतीचं वय १६. आणि पालकाच्या ताब्यातून जाण्याचं वय १८. म्हणजे मुलगी पंधराची झाली की पालक तिला कुणाच्याही घरी पाठवू शकत होते. पण सतराव्या वर्षी ती आपल्या मर्जीने कुणाच्या घरी गेली, तर ज्याच्याकडे गेली तो अपहरणाचा आरोपी. एकाच पोरीचे हे तीन आकडे. ते समोर ठेवले की कायद्याला कशाची काळजी होती ते समजतं.

सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये वरदराजन खटल्यात थोडी फट ठेवली होती. जाणत्या वयाला टेकलेली मुलगी स्वतः घर सोडून निघाली आणि तरुण फक्त सोबत राहिला, तर त्याला ‘नेणं’ म्हणता येणार नाही, असा तो निकाल. पण दिल्लीचा निकाल गावच्या ठाण्यात पोचायला किती वर्षं लागतात, ते कचेरीत वावरणाऱ्याला सांगायला नको.

२६ मार्च १९७२

आता देसाईगंज. मथुरा आदिवासी, आईबाप नसलेली, मजुरी करणारी, भावाजवळ राहणारी. ती एका बाईच्या घरी कामाला जायची. तिथे त्या बाईच्या बहिणीच्या मुलाशी तिची ओळख झाली आणि दोघांनी नवराबायको व्हायचं ठरवलं. भावाने रपट लिहवली की माझ्या बहिणीला या लोकांनी पळवलं. सगळ्यांना ठाण्यात बोलावणं गेलं. जबाब होता होता रात्रीचे साडेदहा वाजले. जबाब घेणाऱ्या जमादाराने भावाला मुलीच्या जन्मनोंदीची नक्कल आणायला सांगितलं आणि तो निघून गेला.

बाकीचे बाहेर पडत होते, तेव्हा मथुरेला ठाण्यात थांबवून घेतलं गेलं. दार लागलं, दिवा गेला. एका शिपायाने तिच्यावर बलात्कार केला, दुसऱ्याने, तो दारू प्यालेला होता, तिच्या अंगाशी झोंबाझोंबी केली, असं तिने सांगितलं. बाहेर घरचे आणि गावचे लोक जमा झाले होते.

मथुरेचं नाव निकालपत्रात आणि इतिहासात आलेलं आहे, म्हणून मी ते लिहितो. आज पीडितेचं नाव छापणं गुन्हा आहे, आणि ती मनाई याच प्रकरणानंतर आली. बाकीची नावं मी मुद्दाम देत नाही.

तीन न्यायालयं

१ जून १९७४ ला सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. डॉक्टरने वय १४ ते १६ सांगितलं होतं, पण ती सोळाच्या आतली आहे हे सिद्ध झालं नाही, असं ठरलं. आणि मग मुख्य मुद्दा: ही मुलगी शरीरसंबंधाला सरावलेली आहे, म्हणजे ठाण्यात जे झालं ते तिच्या मर्जीने झालं असणार, आणि आपल्या माणसासमोर चांगली दिसावी म्हणून तिने बलात्काराची ओरड केली असावी. ज्या तरुणाशी ती लग्न करणार होती, त्याच्यावरचं तिचं प्रेमच तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून लावलं गेलं.

१९७६ मध्ये नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला. भीतीने गप्प पडून राहणं म्हणजे संमती नव्हे, असं सांगून एकाला पाच वर्षं आणि दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही सोडलं. कारणं अशी, की अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, घरची माणसं जवळ असताना तिने विरोध केल्याचं दिसत नाही. ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने हा निकाल कायद्याच्या पुस्तकांत आहे.

या साऱ्या प्रवासात मथुरेचं प्रेम कायद्याने दोनदा वाचलं. ठाण्यात ते भावाच्या मालमत्तेची चोरी म्हणून वाचलं गेलं. कोर्टात ते चारित्र्याचा दाखला म्हणून वाचलं गेलं. ‘मला याच्याशी लग्न करायचं आहे’ आणि ‘मला ते नको होतं’ ही तिची दोन वाक्यं. पहिल्यात होकार, दुसऱ्यात नकार. दोन्ही तिचीच, आणि दोन्ही शेवटी कामाला आली नाहीत. पंचांनीसुद्धा पहिलं वाक्य ऐकून घेतलं असतं.

पत्र आणि दुरुस्ती

१६ सप्टेंबर १९७९ ला चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. शरण जाणं आणि संमती देणं यांत फरक आहे, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. बाईला रात्री ठाण्यात बोलावणंच कायद्याला धरून होतं का, तेही विचारलं. आणि लग्नाआधीचा संबंध एवढा मोठा गुन्हा समजायचा का, की त्यामुळे पोलिसांना मोकळीक मिळावी, हाही सवाल केला. ८ मार्च १९८० ला मुंबई, नागपूर, दिल्ली अशा शहरांत बाया रस्त्यावर उतरल्या. निकाल बदलला नाही, पण कायदा बदलला.

१९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतला बलात्कार वेगळा गुन्हा झाला. तिथे बाई ‘संमती नव्हती’ म्हणाली, तर कोर्टाने तसंच गृहीत धरायचं. अशा खटल्यांची सुनावणी बंद दालनात आली. पीडितेच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याची पुरावा कायद्यातली तरतूद पुढे २००३ मध्ये गेली. प्रतिकार केला नाही म्हणजे संमती असं नाही, हे २०१३ मध्ये कायद्यात लिहिलं गेलं. म्हणजे मथुरेचं दुसरं वाक्य, तिचा नकार, ऐकायला कायदा चाळीस वर्षांत हळूहळू शिकला.

पहिलं वाक्य

तिच्या पहिल्या वाक्याचं काय? तिथे आपण फार पुढे गेलेलो नाही. संमतीचं वय २०१२-१३ पासून १८ आहे. लहान मुलींच्या रक्षणासाठी ते गरजेचं आहे, असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. आपल्या जिल्ह्यातून पोरी फसवून नेल्या जाण्याची भीती खोटी नाही. पण सतरा वर्षांची पोरगी गावातल्याच पोरासोबत गेली, तरी रपट अपहरणाची आणि वर बलात्काराचं कलम. अठरा पूर्ण झालेल्यांना विशेष विवाह कायद्यात तीस दिवस नोटीस लागते, आणि ती घरच्यांच्या कानावर जातेच. आजही ठाण्यात पहिला कागद मागतात तो जन्मनोंदीचा. तो मागू नये असं नाही. त्याच्याबरोबर तिला एकटीला बसवून ‘बाई, तुला काय पाहिजे?’ हेही तितक्याच गंभीरपणे विचारावं, आणि उत्तर लिहून घ्यावं.

आपल्या मंडळासाठी यातून एक काम निघतं. लग्नांच्या गोष्टी आपण वंशावळीतून गोळा करतो, आणि वंशावळी पुरुषांच्या असतात. बैहर, परसवाडा, लांजी, किरनापूर भागात पैठू गेलेल्या, पाट लागलेल्या, पळून जाऊन संसार केलेल्या म्हाताऱ्या बाया अजून आहेत. त्यांना विचारायला आपल्यातल्या बायांनी जावं, पुरुषांनी बाहेर ओसरीवर बसावं. नावं लिहायची नाहीत. वर्ष, गाव आणि पंचांनी काय ठरवलं एवढं लिहायचं, आणि तिचं म्हणणं तिच्या बोलीत जसंच्या तसं. जुन्या पंचांच्या घरी दंडाच्या वह्या असतील तर त्याही बघाव्यात. पुढच्या उन्हाळ्याआधी सुरुवात झाली तर बरं. या बाया आता ऐंशीच्या पुढे आहेत.