रॅकेटचा जोर कुठे असतो?

पॅडेल हा खेळ आपल्याकडे अगदी अलीकडे आला. मुंबई-पुण्यात काचेच्या भिंतींची त्याची मैदाने दिसू लागली आहेत आणि त्यापाठोपाठ 'पॉवर' असे नाव मिरवणाऱ्या रॅकेटीही. टेनिसच्या रॅकेटला निदान तारा तरी असतात. हिला त्याही नाहीत. दिसते ती भोके पाडलेली एक जाड फळी. मग हिच्यात जोर भरला आहे म्हणजे नेमके काय केले आहे? वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांबरोबर सोडवायला हा प्रश्न चांगला आहे. त्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

पॅडेलचा जन्म १९६९ साली मेक्सिकोतील अकापुल्को येथे झाला. एन्रिके कोर्कुएरा या गृहस्थाला घरी टेनिसचे मैदान हवे होते, पण जागा अपुरी होती. त्याने लहान मैदान आखून भोवती भिंती उभारल्या आणि भिंतीवरून परतलेला चेंडू खेळायचा असे ठरवले. १९७४ साली आल्फोन्सो दे होहेनलोहे याने हा खेळ स्पेनमध्ये मार्बेलाला नेला. तिथून तो अर्जेंटिनात गेला आणि तिथे चांगलाच फोफावला. १९९२ साली स्पेनमध्ये भरलेली पहिली जागतिक स्पर्धा अर्जेंटिनानेच जिंकली. स्पॅनिश भाषेत या रॅकेटला 'पाला' म्हणतात. त्या शब्दाचा दुसरा अर्थ फावडे असा आहे. सुरुवातीच्या लाकडी रॅकेटींना ते नाव शोभतही असावे.

भिंतींमुळे जोराचा अर्थच बदलतो. टेनिसमध्ये वेगाने मारलेला चेंडू बहुधा फायद्याचा असतो. पॅडेलमध्ये अर्धवट जोर अंगाशी येतो, कारण टप्पा घेऊन मागच्या काचेवर आदळलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या पुढ्यात आरामात येतो. जोराचा फटका सार्थकी लागायचा तर चेंडू टप्प्यानंतर भिंतीबाहेर गेला पाहिजे, किंवा काचेवरून उलटा आपल्याच बाजूला परतला पाहिजे. मैदान २० मीटर लांब व १० मीटर रुंद असते आणि मागची भिंत वरच्या जाळीसह ४ मीटर उंच असते.

आता गणित करू. नियमानुसार पॅडेलचा चेंडू २.५४ मीटर उंचीवरून सोडला तर तो १.३५ ते १.४५ मीटर उसळला पाहिजे. खाली पोचताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ७ मीटर असतो, उसळताना ५.२ मीटर. म्हणजे टप्प्यात वेगाचा चौथा हिस्सा जातो. ४ मीटर उंच जाण्यासाठी वर निघतानाचा वेग सेकंदाला ९ मीटरच्या आसपास लागतो, म्हणून जमिनीवर आदळताना तो १२ मीटर तरी हवा. हा केवळ उभ्या दिशेतला वेग झाला. आडव्या दिशेतला निराळा. शिवाय जास्त वेगाने आदळणारा चेंडू प्रमाणाने थोडा कमीच उसळतो. नुसता खांद्याच्या वरून सोडलेला चेंडू ७ मीटरपर्यंतही पोचत नाही हे लक्षात घेतले, की खेळाडू जोरामागे का लागतात ते कळते.

जोराचा हा पाठलाग पॅडेलच्या बाहेर, टेनिसमध्ये, आधीच सुरू झाला होता. त्यातले महत्त्वाचे नाव हॉवर्ड हेड. हा मूळचा विमान कारखान्यातला अभियंता. विमानात वापरली जाणारी सँडविच रचना, म्हणजे दोन पातळ, ताठ पत्र्यांमध्ये हलका गाभा, त्याने बर्फावर घसरण्याच्या पट्ट्यांसाठी वापरली. पुढे तो टेनिस शिकू लागला आणि फारसे जमेना. चेंडू मध्यावर बसला नाही की रॅकेट हातात पिळली जाते, हे त्याने हेरले. वस्तुमान अक्षापासून जितके दूर, तितका पिळण्याला विरोध जास्त, आणि तोही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून त्याने रॅकेट रुंद केली. तारांचे क्षेत्र सुमारे ७० चौरस इंचांवरून ११० वर नेले आणि १९७६ साली त्याचे पेटंट मिळवले. लोक हसले. १९७८ साली सोळा वर्षांची पॅम श्रायव्हर तीच रॅकेट घेऊन अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचली. त्यानंतर हसणे कमी झाले.

गंमत अशी, की तोपर्यंत टेनिसच्या नियमांत रॅकेटची व्याख्याच नव्हती. १९७७ साली दुहेरी तारांच्या एका विचित्र रॅकेटने, 'स्पॅगेटी' हे तिचे टोपणनाव, मोठाच गोंधळ उडवला. तिच्यावर बंदी आली आणि १९७८ साली व्याख्या नियमांत शिरली. पॅडेलच्या नियमांनी मात्र रॅकेट मापांतच जखडून टाकली आहे. लांबी ४५.५ सेंटिमीटर, रुंदी २६ सेंटिमीटर आणि जाडी ३८ मिलिमीटर, याच्या पुढे जाता येत नाही. हेडची युक्ती इथे फार चालत नाही. बनवणाऱ्याच्या हातात उरते काय? आतला फोम, वरचे कार्बन किंवा काचतंतूंचे आवरण आणि सर्वांत मुख्य म्हणजे वजन कुठे ठेवायचे ते.

समजा, ३७० ग्रॅमच्या रॅकेटीतले १० ग्रॅम आपण मुठीपासून २० सेंटिमीटरवरून काढून ४० सेंटिमीटरवर, म्हणजे टोकाकडे नेले. एकूण वजन तेवढेच राहिले. गुरुत्वमध्य जेमतेम अर्धा सेंटिमीटर सरकला. पण अंतर दुप्पट झाल्याने त्या १० ग्रॅमचे जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरवण्याला होणारा विरोध, चौपट झाले. 'पॉवर' रॅकेट म्हणतात ती हीच. तिचा आकार पतंगासारखा, वर रुंद असतो. तोल टोकाकडे झुकलेला आणि बहुधा फोम कडक. गोल आकाराच्या रॅकेटीत तोल मुठीकडे असतो.

याने चेंडूला किती वेग मिळतो? चेंडू सुमारे ५८ ग्रॅमचा. आघाताच्या जागी रॅकेट २०० ग्रॅमची असल्यासारखी वागते असे धरू. स्थिर चेंडूला मिळणारा वेग २०० भागिले २५८ या अपूर्णांकाच्या प्रमाणात असतो. ते २०० चे २२० केले तर अपूर्णांक ०.७७५ वरून ०.७९१ होतो. म्हणजे तिथले वस्तुमान दहा टक्के वाढवून चेंडूचा वेग दोन टक्के वाढला, तोही रॅकेट पूर्वीच्याच वेगाने फिरली तर. जड टोकामुळे हात तीन टक्के मंदावला, की चेंडू पूर्वीपेक्षाही हळू जातो. वेग शेवटी हातातून येतो. ज्याचा हात मंदावत नाही आणि ज्याचा चेंडू दर वेळी टोकाकडच्या त्याच लहान जागेवर बसतो, अशा मुरलेल्या खेळाडूलाच ही रॅकेट फळते. पहिल्या वर्षाच्या खेळाडूने ती घेणे म्हणजे आमच्या मते पैसे देऊन कोपराचे दुखणे घेणे आहे. कडक फोमचेही तसेच: हळू फटक्याला मऊ फोम चेंडू बाहेर टाकायला मदत करतो, कडक फोम मात्र जोर तुमच्याकडूनच मागतो.

दुकानात वजन छापलेले असते, जडत्व आघूर्ण क्वचितच. ते ताडण्याची रीत मात्र जुनी आहे. ख्रिस्तियान हायगेन्स याने १६७३ साली प्रसिद्ध केलेल्या लंबकाच्या घड्याळावरील ग्रंथात दाखवले, की कोणतीही झुलणारी वस्तू ठरावीक लांबीच्या साध्या दोलकासारखी वागते. टांगलेल्या बिंदूपासून तेवढ्या अंतरावर तिचे आघातकेंद्र असते. तिथे चेंडू बसला तर त्या बिंदूला, म्हणजे हाताला, झटका बसत नाही.

वर्गात आधी मीटरपट्टी एका टोकाला खिळ्यावर झुलवावी. तिच्याशी जुळणारा दोलक सुमारे ६७ सेंटिमीटरचा निघतो, पट्टीच्या दोन-तृतीयांश. मग प्लायवूडची एक बॅट कापून मुठीच्या टोकाला भोक पाडावे, १० ग्रॅम माती आधी गळ्याशी आणि नंतर टोकाशी चिकटवावी आणि दोन्ही वेळा पन्नास झोक्यांचा वेळ मोजावा. झोके लहान ठेवावेत. फरक थोडाच पडतो, म्हणून पन्नास.