पायथ्याची भिंत

पनवेलहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जत सोडून बोरघाट चढू लागते, तेव्हा प्रवासी दरीतली शोभा पाहण्यात गुंग असतो. रुळांखालच्या भरावाकडे कोण पाहतो?

सपाट मुलखात भराव घालणे सोपे. २० फूट उंचीच्या भरावाची माती दोन्ही अंगांना सुमारे ३० फूट पाय पसरते. घाटात एकीकडे कडा, दुसरीकडे दरी. पाय पसरायला जागा कुठली? मग पायथ्याशी भिंत बांधून माती थोपवावी लागते. या भिंतीचा वैरी पावसाळा. भिजलेली माती जड होते, साचलेले पाणी मागून रेटते. म्हणून भिंतीत पाण्याला वाट ठेवतात.

१८५६ साली अभियंता जेम्स बर्कली याच्या देखरेखीखाली हे काम सुरू झाले. १८५९ मध्ये कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल वारला. त्याची विधवा ॲलिस हिने कंत्राट निभावले. १८६१ मध्ये सुमारे ४२ हजार मजूर राबत होते. पटकीने आणि अपघातांनी हजारोंचा बळी घेतला. एप्रिल १८६३ मध्ये घाट खुला झाला.

परंतु कच्च्या दगडकामाला पाऊस क्षमा करीत नाही. जुलै १८६७ मध्ये घाटातला एक दगडी पूल कोसळला, आणि निकृष्ट बांधणी उघडी पडली.

नवी मुंबईत आज कड्याऐवजी वस्ती भरावाला भिडते. भिंतीचे गणित मात्र तेच आहे. आणि घाटात ज्यांनी दगडावर दगड रचला, त्यांची नावे कोणत्याच भिंतीवर नाहीत.